मुंबईत एका दिवसासाठी स्पोर्ट्स कार भाड्याने हवी आहे (बाबांसाठी)

डबलबेल | गुरुवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,
बाबा पुढच्या महिन्यात बेस्टमधून निवृत्त होतायत. ३१ वर्षं स्टिअरिंग धरलं, त्यातली बरीचशी १२३ नंबरवर. आर. सी. चर्चवरून निघायचं, मरीन ड्राइव्हला वळसा घालून ताडदेव. सिग्नलला बसच्या शेजारी एखादी बुटकी गाडी येऊन गुरगुरत उभी राहिली, की बाबांना उंचावरून तिचं फक्त छप्पर दिसायचं. घरी येऊन सांगायचे, "आज एक लाल होती. माणूस अक्षरशः झोपून चालवत होता." आईला यात काय सांगण्यासारखं आहे ते कधीच कळलं नाही. मला कळायचं.

तर निरोपसमारंभानंतरच्या रविवारी त्यांच्या हातात अशी एक गाडी द्यायची, एका दिवसासाठी, असं मी आणि भावाने ठरवलंय. आमचं बजेट सगळं धरून ४० हजार. आतापर्यंत तीन ठिकाणी फोन केले:

पहिला म्हणाला मस्टँग, दिवसाला ३० हजार, डिपॉझिट १ लाख, १५० किलोमीटरची मर्यादा. दुसऱ्याकडे लॅम्बोर्गिनी आहे, पण ती फक्त लग्नाला देतात, चार तास, ड्रायव्हर त्यांचाच. नवरदेव फक्त उतरणार. तिसरा फोन घेतच नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देतो, "पेपर सगळे क्लिअर आहेत मॅडम."

कुणी घेतली आहे का अशी गाडी? काय बघायचं, काय विचारायचं?

तिरपागडं | गुरुवार, रात्री १०.५२

रुमाल टाकून ठेवतो.

निवांत_नाना | गुरुवार, रात्री ११.१५

कल्पना झकास. पण ४० हजारांत आईबाबा दोघं आठ दिवस केरळ फिरून येतील. एका दिवसाच्या गुरगुरीला एवढे पैसे?

डबलबेल | गुरुवार, रात्री ११.१८

नाना, केरळला गेले तर बाबा तिथल्या बसड्रायव्हरच्या मागे उभे राहून त्याला नावं ठेवतील. एकदा झालंय ते.

गॅरेजवाला_पंत | शुक्रवार, सकाळी ७.०५

ताई, भाडं आणि डिपॉझिट नंतर. आधी एकच प्रश्न विचारा: नंबर प्लेट कुठल्या रंगाची?

पांढरी प्लेट काळी अक्षरं म्हणजे प्रायव्हेट पासिंग. ती भाड्याने देता येत नाही. पिवळी प्लेट काळी अक्षरं म्हणजे टी परमिट, म्हणजे टॅक्सी-टुरिस्ट गाडी, ड्रायव्हरसकट मिळणार. काळी प्लेट पिवळी अक्षरं म्हणजे तुम्ही स्वतः चालवायची भाड्याची गाडी. तुम्हाला ही तिसरी हवी. मुंबईत भाड्याने मिळणाऱ्या महागड्या गाड्यांतल्या किती काळ्या पाटीच्या असतात, ते दोनचार फोन केलेत की कळेल.

डबलबेल | शुक्रवार, सकाळी ९.३०

विचारलं. मस्टँगवाला म्हणाला, "पांढरीच आहे, उलट चांगलं ना, फोटोत भाड्याची वाटत नाही." व्हॉट्सअ‍ॅपवाल्याने प्लेट झाकलेला फोटो पाठवला आणि खाली अंगठा.

कलमकसाई | शुक्रवार, दुपारी १.२०

मोटार अपघात दाव्यांचं काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

वाहन भाड्याने चालवायचं तर परमिट लागतं. स्वतः चालवायला गाड्या भाड्याने देण्यासाठी १९८९ ची रेंट-अ-कॅब योजना आहे, आणि तिच्यात परवाना हवा असेल तर ताफ्यात किमान ५० गाड्या लागतात. आता विचार करा, ५० फेरारी घेऊन कोण बसणार? त्यामुळे होतं काय, की कुणा हौशी मालकाची गाडी आठवड्यातले पाच दिवस बेसमेंटमध्ये धूळ खात असते, कर्जाचा हप्ता मात्र चालूच असतो. मग मधला माणूस ती 'ओळखीत' फिरवतो. त्याला कुणी भाडं म्हणत नाही. कुणी 'मेंबरशिप' म्हणतं, कुणी 'इव्हेंट चार्जेस'.

विनापरमिट चालवली तर कलम १९२-अ खाली पहिल्याच वेळी १० हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण खरी मेख विम्यात. खासगी गाडीच्या पॉलिसीवर वापराची मर्यादा छापलेलीच असते: भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर चालणार नाही. गाडी ठोकली आणि कंपनीच्या माणसाने तुमच्या जीपेचा स्क्रीनशॉट बघितला, की गाडीच्या नुकसानीचा दावा संपला. मालक बिल घेऊन तुमच्या दारात. आणि कुणाला इजा झाली तर न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालकाने तुमच्याकडून आधीच सही घेतलेली असते, 'सर्व जबाबदारी माझी'. म्हणजे ते ओझंही फिरून तुमच्याच डोक्यावर.

मस्टँगचा पुढचा बंपर आणि एक हेडलाइट बदलायचा म्हटलं तरी तुमचं १ लाख डिपॉझिट चहापाण्यात जाईल.

गॅरेजवाला_पंत | शुक्रवार, दुपारी २.०२

+१. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की वाहनाचा वर्ग, विमा कधीपर्यंत, पीयूसी, सगळं दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. प्लेट झाकून फोटो पाठवणाऱ्याला तेच नको असतं.

तिरपागडं | शुक्रवार, दुपारी २.१०

या गाड्या झारखंड नाहीतर पाँडिचेरी पासिंगच्याच का दिसतात? खेतवाडीतल्या बोळात झारखंडची पोर्श बघितली परवा.

गॅरेजवाला_पंत | शुक्रवार, दुपारी २.३०

कर वाचवायला, दुसरं काय. आपल्याकडे महागड्या पेट्रोल गाडीला किमतीच्या १३ टक्के रोड टॅक्स. कमाल मर्यादा २० लाख होती, २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ती ३० लाख केली. दुसऱ्या राज्यात बरंच स्वस्तात भागतं. नियमाप्रमाणे १२ महिन्यांवर इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. बेसमेंटमध्ये जाऊन महिने मोजणार कोण?

पुणेरी_शेंग | शुक्रवार, संध्या. ६.४५

हौस वगैरे ठीक आहे, पण हा सगळा प्रकार माझ्या तरी डोक्यात जातो. १९ मे २०२४, कल्याणीनगर. विनानोंदणीची पोर्श, १७ वर्षांचा मुलगा, दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. नोंदणी कशासाठी अडली होती, तर १,७५८ रुपये फी भरली नव्हती. आणि पोराला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध. मी तिथून दोन गल्ल्या सोडून राहते. त्या रात्रीपासून असला आवाज आला की पोटात गोळा येतो. अशा गाड्या ज्याला त्याला भाड्याने मिळायला लागल्या तर रस्त्यावर चालायचं कसं?

निवांत_नाना | शुक्रवार, संध्या. ७.००

त्या प्रकरणात गाडी भाड्याची नव्हती, घरची होती. इथे तर ३१ वर्षांचा अनुभवी माणूस चालवणार आहे.

पुणेरी_शेंग | शुक्रवार, संध्या. ७.१२

हे काका चालवणार हो. परवा तीच गाडी कोण चालवणार? देणारा अनुभव विचारतो का? डबलबेल, तुम्हाला विचारला?

डबलबेल | शुक्रवार, संध्या. ७.४०

नाही विचारला. तिघांपैकी एकानेही नाही. लायसन्सचा फोटो, आधार, आणि 'डिपॉझिट कॅश का ऑनलाइन'. मी बोलत होते म्हणजे मीच चालवणार असं धरून चालले होते. मी चार वर्षांत स्कूटीशिवाय काही चालवलेलं नाही. शेंग, तुमचं म्हणणं आत कुठेतरी टोचलं.

देवगडी_दुबईत | शुक्रवार, रात्री ९.५५

दुबईहून लिहितो. इथे हा धंदा राजरोस चालतो, म्हणून तुलनेला सांगतो. भारतातून कुणी पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी त्याला शेख झायेद रोडवर पिवळी लॅम्बोर्गिनी हवीच असते. माझ्या मेव्हण्याला पण हवी होती.

भारतीय लायसन्सवर टुरिस्टला गाडी मिळते, पण सोबत इंटरनॅशनल परमिट लागतं. ते आपल्या आरटीओत हजार रुपयांत होतं, वर्षभर चालतं. इथे रेसिडेन्सी असेल तर मात्र इथलंच लायसन्स पाहिजे. स्पोर्ट्स कारला बहुतेक कंपन्या २५ च्या खालच्या पोराला उभं करत नाहीत. डिपॉझिट क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि गाडी परत दिल्यावर आणखी दोनतीन आठवडे सोडत नाहीत, कारण दंडाची पावती मागाहून येते. रोजची मर्यादा साधारण २५० किलोमीटर, वर गेलं की प्रत्येक किलोमीटरला पैसे. सालिकचा टोल वेगळा, गर्दीच्या वेळी ६ दिरहम, एरवी ४, रात्री १ ते ६ फुकट.

आता मेव्हण्याची गोष्ट. दुबईत पाटीवरच्या मर्यादेवर २० पर्यंत कॅमेरा गप्प बसतो, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. खरं आहे. पण साहेब अबू धाबीला गेले, आणि तिथे ती सवलत नाही. पाटीवर जे आहे तेच. जाताना दोन आणि येताना एक, असे तीन फ्लॅश पडले. त्याला वाटलं कुणी फोटो काढतंय. काढतच होते म्हणा.

मर्यादेच्या ८० वर गेलात तर ३ हजार दिरहम दंड, लायसन्सवर २३ ब्लॅक पॉइंट (दंडाचे गुण) आणि गाडी ६० दिवस जप्त. भाड्याची गाडी असेल तर करार नीट वाचा, जप्तीच्या दिवसांचं भाडंही लावणारे आहेत. आणि साधा ओरखडा असला तरी पोलीस रिपोर्टशिवाय कुठलंही गॅरेज हात लावत नाही. त्यामुळे 'आधीचाच होता' विरुद्ध 'तुम्हीच केला' हा वाद तरी कागदावर मिटतो.

मांडवीकाठ | शुक्रवार, रात्री १०.३०

आमच्या गोव्यात काळ्या पाट्या उदंड. पण त्या पाट्यांमागे थार नाहीतर स्विफ्ट. पांढऱ्या पाटीवर गाडी देणारे आमच्याकडेही आहेत, आणि त्यांच्यावरून काळ्या पाटीवाले कायम पेटलेले असतात. त्यांचं चुकत नाही, परमिट आणि कर ते भरतात आणि गिऱ्हाईक दुसराच नेतो.

अवांतर: काळ्या पाटीच्या थारचं छप्पर पण निघतं हो.

डबलबेल | शुक्रवार, रात्री १०.४५

थार बघून बाबा म्हणतील, यापेक्षा माझी बस बरी.

गॅरेजवाला_पंत | शनिवार, सकाळी ८.१५

आणखी एक, रस्त्याचं. लॅम्बोर्गिनी हुराकानसारख्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम १२५ मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था) मापातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तो मापात असेल तर गाडी कशीबशी जाते. पण आपल्याकडचे गतिरोधक नगरसेवकाच्या मापाचे. डोंबिवलीत माझ्या गॅरेजपासून स्टेशनपर्यंत अकरा आहेत, त्यातला एकही मापात नाही. पुढचं नाक वर उचलायचं बटण असतं काही गाड्यांना. लोक ते दाबायला विसरतात, मग बंपरखालची लिप तुटते. नशीब फुटकं असेल तर इंजिनाखालचं ऑइल चेंबरही फुटतं. स्टेपनी बहुतेकींना नसते, पंक्चरचं किट असतं फक्त. आणि ही गाडी साध्या टोइंगच्या हुकाने ओढू देऊ नका. गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच लागतो, त्याचं बिल कोण भरणार ते करारात बघा.

ताब्यात घेताना चारी बाजूंनी, रिमसकट, पोटाखालूनही व्हिडिओ काढा. समोरच्याचा आवाज त्यात यायला हवा. मूळ लायसन्स ठेवून घेतो म्हणाला तर उठून चालू लागा.

चाकोरी | शनिवार, सकाळी ११.००

पण गाडी मिळाल्यावर चालवणार कुठे? सी लिंकला ८०. कोस्टल रोडला सरळ पट्ट्यात ८०, बोगद्यात ६०, वळणावर आणि चढताउतरताना ४०. अटल सेतूला १००, टोल एका बाजूचा २५०. एक्स्प्रेसवेला १००, घाटात ६०, आणि वर कॅमेरे. जी गाडी दुसऱ्या गियरमध्येच शंभरीला टेकते, तिच्यासाठी ३० हजार देऊन पाय आवरायचा सराव करायचा का?

(कोस्टल रोडजवळ राहणाऱ्यांना रात्री विचारा. झोपेचं खोबरं. तक्रारी करून थकली माणसं.)

डबलबेल | शनिवार, दुपारी १२.२०

बाबांना वेग नकोच आहे बहुतेक. त्यांना खालून बघायचंय. इतकी वर्षं वरून बघितलं.

तिरपागडं | शनिवार, दुपारी १२.२२

हे वाक्य आवडलं.

कलमकसाई | शनिवार, दुपारी ३.४०

लायसन्सचंही सांगून टाकते, कुणीतरी विचारेलच. काळ्या पाटीची गाडी कागदोपत्री ट्रान्सपोर्ट वाहन असते. पण ७,५०० किलोच्या आतलं ट्रान्सपोर्ट वाहन साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलंय. तुमच्या बाबांना तर हा प्रश्नच नाही. करारात मात्र चालकाचं नाव त्यांचं घाला, तुमचं नको.

डबलबेल | पुढचा सोमवार, रात्री ९.१०

अपडेट. भाऊ ऐकेना, म्हणून शनिवारी मस्टँग नुसती बघून येऊ म्हटलं. सरप्राइज फुटलं, कारण भावाला पोटात काही ठेवता येत नाही. बाबा पण आले.

गाडी देखणी होती, खोटं कशाला बोलू. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन. त्या माणसाने सुरू केली तशी वरच्या मजल्यावरच्या दोन बायका गॅलरीत आल्या. बाबांनी मात्र बॉनेटकडे बघितलंच नाही. थेट उकिडवे बसले आणि मागच्या चाकाच्या टायरवर बोट फिरवलं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, तिथे २३१७ होतं. म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. बाबा त्या माणसाला इतकंच म्हणाले, "नक्षी आहे, पण रबर दगड झालंय. हिला पावसात बाहेर काढू नका." तो म्हणाला, "अंकल, रनिंगच कमी आहे." बाबा म्हणाले, "म्हणूनच."

मग पंतांनी सांगितल्याप्रमाणे नंबर टाकून बघितला. विमा तीन आठवड्यांपूर्वी संपलेला. मी स्क्रीन दाखवली तर म्हणाला, "रिन्यूअल प्रोसेसमध्ये आहे मॅडम." बाबांनी त्याला नमस्कार केला आणि आम्ही वडापाव खाऊन घरी आलो.

गॅरेजवाला_पंत | सोमवार, रात्री ९.३०

काकांना माझ्या गॅरेजात कामाला पाठवा. पगार ते ठरवतील तो.

पुणेरी_शेंग | सोमवार, रात्री ९.४४

काकांना साष्टांग. त्या माणसाने रविवारी ती दुसऱ्या कुणाला दिली असेल, हा विचार मात्र जात नाही.

चाकोरी | सोमवार, रात्री १०.०५

काळ्या पाटीवर मिनीची उघड्या टपाची एक गाडी मिळते, पश्चिम उपनगरात. दोन दारं, चार सीट. ताशी ३० च्या आत असलात तर चालता चालता टप उघडतं, अठरा सेकंदांत. स्पोर्ट्स कार म्हणायला जीभ अडखळेल, पण बसायला खाली आणि कागद खरे. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

डबलबेल | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११.२०

झालं!

चाकोरींनी सांगितलेली मिनी घेतली. १८ हजार, डिपॉझिट २५ हजार, करारावर बाबांचं नाव, विम्याची प्रत हातात. गाडी देणाऱ्या मुलीने बाबांना विचारलं, "किती वर्षं चालवताय?" या सगळ्या खटाटोपात हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच. बाबांनी खिशातून बिल्ला काढून दाखवला. ती उभी राहिली.

पहाटे पाचला निघालो. बाबांनी आईऐवजी शेजारी मला बसवलं, कारण आई म्हणाली केस विस्कटतात, आणि आर. सी. चर्चपाशी त्यांचे जुने कंडक्टर काका वाट बघत उभे होते. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बाबांचं सरप्राइज. काका मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसले. तिथून पुढे बाबांनी १२३ चाच रस्ता धरला. मरीन ड्राइव्ह रिकामा होता, तरी ४० च्या वर काटा गेला नाही. प्रत्येक स्टॉप आला की पाय आपोआप ब्रेकवर. मी म्हटलं, "बाबा, जरा दाबा की." म्हणाले, "दाबतो, पण उतरणारं कुणी नाही ना, बघून घेऊ दे."

चौपाटीच्या सिग्नलला लाल झालं. शेजारी १२३ येऊन थांबली. वरून ड्रायव्हर वाकून बघत होता. बाबांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, दोघंही काही बोलले नाहीत. हिरवा झाला तरी बाबा हलेनात. तेव्हा मागून काकांनी सीटच्या पाठीवर बोटाने दोनदा टकटक केली.

तिरपागडं | रविवार, रात्री ११.२६

आत्ता कळला आयडीचा अर्थ.

निवांत_नाना | रविवार, रात्री ११.४०

केरळ मागे घेतो. फोटो टाका.

डबलबेल | रविवार, रात्री ११.४८

फोटो भावाने काढले, त्यात सगळा बंपरच आलाय. आणि शेंग, कोस्टल रोडवर बाबांनी एकदा ८० केले, पूर्ण ८०. परत देताना मुलीने व्हिडिओ लावून सगळी गाडी तपासली, एक ओरखडा नाही. डिपॉझिट संध्याकाळी खात्यात. पुढच्या डाव्या टायरमध्ये हवा दोन पॉइंट कमी आहे, हे बाबा तिला सांगून आले.